बंडी आली

रविवार, १० सप्टेंबर १९३९. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी निपाणीहून बेळगावला दोन शब्द आले. ते बिनतारी आले. त्यातले एकही अक्षर गळाले नव्हते. टिळकवाडीतल्या एका व्हरांड्यात ते बरोबर उतरवून घेतले गेले आणि चुकीचे समजले गेले.

त्या वेळी मी टेबलावर होतो.

मित्रांनो, मी एक जुना पितळी खटका आहे. तारबाबू ज्याच्यावर बोट ठेवून कडकट्ट वाजवतात, तो खटका. मला दाबले की वीज वाहते, सोडले की थांबते. जास्त वेळ दाबले तर लांब ठोका, कमी वेळ दाबले तर आखूड. लांब आणि आखूड, एवढेच मला कळते. शब्दाचा अर्थ मला कळत नाही. माझी सगळी हकिकत या एका उणेपणाची आहे, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म १९२४ सालचा. हरिभाऊ नावाचे एक तारबाबू लोंढा स्टेशनातून निवृत्त झाले. सव्वीस वर्षे ज्या खटक्यावर बोट चालले, तो रेल्वेचा. तो परत करावा लागला. घरी आल्यावर त्यांचे बोट स्वस्थ बसेना. जेवताना पाटावर, पूजेला बसले तर ताम्हनावर ते ठोके देत. शेवटी त्यांनी शहापुरातल्या एका कासाराकडून माझी पट्टी ओतून घेतली. पाया जांबोटीच्या फणसाच्या फळीचा. स्प्रिंग एका मोडक्या पेटीतली, म्हणजे बाजाच्या पेटीतली. डोक्यावर बोट ठेवायला काही हवे होते, तर त्यांनी बुद्धिबळातले एक काळे प्यादे कापून बसवले. त्या डावात पुढे प्याद्याच्या जागी कोटाचे बटण चाले.

सात वर्षे मी नुसता वाजत होतो. माझ्यापासून तार कुठेही जात नव्हती. मग १९३१ मध्ये 'बेळगाव हौशी बिनतारी मंडळ' स्थापन झाले आणि हरिभाऊंनी मला मंडळाला देऊन टाकले.

मंडळाचे सभासद सात. जागा शरच्चंद्र मास्तरांच्या घराची. ते हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवत. बारीक, उंच, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली. त्यांनी सरकारी परवाना काढला, यंत्र स्वतः बांधले, छपरावर दोन बांबू उभे करून तार ताणली. त्यांची थोरली बहीण विद्युल्लताताई मुलींच्या शाळेत शिकवत. मंडळाची नोंदवही त्यांच्याकडे. कोणता संदेश किती वाजता आला, कोणाकडून आला, काय आला, हे त्या लिहीत. मंडळात बाई त्या एकट्याच.

"नावच विद्युल्लता," हरिभाऊ म्हणाले होते, "मग ही तार कशाला ताणता मास्तर? हिलाच छपरावर उभी करा."

"करा की," ताई म्हणाल्या, "पण जमिनीत जायची तार तुमच्या शेंडीला बांधणार."

सातवा सभासद सेहेचाळीस मैलांवर होता. आण्णाप्पा. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत तो कारकून होता. चौथी इयत्ता शिकलेला. पण हात असा, की हरिभाऊंनी पहिल्यांदा ऐकले तेव्हा चहाची बशी खाली ठेवली. मित्रांनो, ठोके देणाऱ्या प्रत्येकाचा एक हात असतो, जसे अक्षराचे वळण असते. आण्णाप्पा शब्दातला शेवटचा ठोका जरा रेंगाळत सोडी. निरोप घेताना दारात थांबून आणखी एक वाक्य बोलणाऱ्या माणसासारखा. दहा जणांच्या गलबल्यातून मी तो ओळखला असता.

आण्णाप्पाचे यंत्रही परवान्याचे. मात्र वखारीत वीज नव्हती. त्याचे यंत्र बॅटऱ्यांवर चाले आणि बॅटऱ्या भरून मिळत बेळगावात. सर्व्हिस मोटारवाले त्या घेत नसत. ॲसिड सांडले तर गाद्या जळतात. म्हणून पंधरवड्याला भरमाची बैलगाडी जाई. भरमा चिकोडीकडचा, बोली कानडी. कानडीत गाडीला बंडी म्हणतात. त्याच्या तोंडून ऐकून ऐकून मंडळात सगळेच बंडी म्हणू लागले. शुक्रवारी बंडी बेळगावातून निघे, यमकनमर्डी आणि संकेश्वरला मुक्काम करी, आणि रविवारी निपाणीत शिरे. ती पोचली की आण्णाप्पा दोनच शब्द पाठवी : बंडी आली.

कडकट्टची अक्षरे इंग्रजी. आमची माणसे मराठी बोलत आणि इंग्रजी अक्षरांत ठोकत. बी, ए, एन, डी, आय. मग ए, एल, आय. माझ्या पितळेला हे दोन शब्द पाठ झाले होते.

कौतुकाचे दिवसही मी पाहिले. १९३७ च्या श्रावणात हिरण्यकेशीला पूर आला. सरकारी तारा वाऱ्याने तुटल्या. पहाटे आण्णाप्पाने कळवले की संकेश्वरचा पूल पाण्याखाली आहे, मोटारी सोडू नका. मास्तर सदरा उलटा घालून सायकलवर स्टँडवर गेले आणि चाळीस उतारूंची मोटार थांबवली. नंतर मामलेदारांनी मंडळाला मानाचा नारळ दिला. आण्णाप्पाला निपाणीहून बोलावून घेतले होते. तो खुर्चीच्या कडेला बसला होता.

"नीट बसा की आण्णाप्पा," मास्तर म्हणाले.

"बसलोय की मास्तर. खुर्ची लई मऊ हाय, आत जातोय म्हणून भ्या वाटतंय."

तो नारळ त्यांनी माझ्यासमोर फोडला. माझ्या पायावर पाण्याचा डाग पडला तो अजून आहे.

आता त्या सभेकडे येतो, जिच्याबद्दल मंडळातले कोणी पुढे कधी बोलले नाही.

१९३८ चा मे महिना. सातही जण हजर. मध्ये सुपात चिरमुरे. विद्युल्लताताईंनी ठराव मांडला, की मराठी संदेशात ड आणि द यांना वेगळी अक्षरे असावीत. द ला एक डी, ड ला दोन.

"परवा मास्तरांनी निपाणीला विचारलं, 'कधी?'" ताई म्हणाल्या. "के, ए, डी, एच, आय. तिकडून उत्तर आलं, 'आमच्यात सोमवारी करत न्हाईत.' आण्णाप्पांनी कढी वाचलं."

आण्णाप्पा लाजला. "भूक लागलती ताई."

"कढी कधी, एवढाच प्रश्न आहे ना?" हरिभाऊ म्हणाले. "रविवारी. ठराव मंजूर."

चिरमुऱ्यांचे सूप हलेपर्यंत सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. "आज कढी आहे. उद्या दुसरं काही असेल."

"ताई, एक डी म्हणजे तीन ठोके," मास्तर म्हणाले. "प्रत्येक ड ला तीन ठोके जास्त. इथं वीज आहे, आपलं काही जात नाही. पण आण्णाप्पाची बॅटरी?"

"आन् बोलताना कळतंय की वो," आण्णाप्पा म्हणाला.

"बोलताना कळतं. ठोकताना नाही."

हरिभाऊंनी रेल्वेचा नियम सांगितला. आलेला संदेश अक्षर न् अक्षर परत वाचून दाखवायचा. समोरचा 'होय' म्हणाला की जबाबदारी संपली. सव्वीस वर्षांत एक गाडी चुकीच्या रुळावर गेली नाही. हात वर झाले. ठरावाच्या बाजूने एक, विरुद्ध पाच. आण्णाप्पाचा हात छातीपर्यंत येऊन थांबला होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले, तसा तो वर गेला. सहा. 'नामंजूर' लिहिणे ताईंच्या जिवावर आले. त्यांनी स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिले : ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब. पुढील सभेत तो निघाला नाही.

आणि मग तो रविवार.

युद्ध सुरू होऊन आठवडा झाला होता. हौशी लोकांचे परवाने जाणार, अशी कुजबुज होती. मास्तर कागदाची वाट पाहत होते. कागद शनिवारीच निघाला होता. पण मास्तरांनी आदल्या वर्षी शहापुरातले घर सोडले होते आणि परवान्यावरचा पत्ता बदलून घेण्याचे राहून गेले. यंत्रातली एक तार सैल झाली तर न जेवता ती घट्ट करणारा माणूस. हे मात्र राहिले.

निपाणीत आण्णाप्पाला हुकूम सकाळी आठला हातात मिळाला. परवाना रद्द, यंत्र बंद, दहाच्या आत सगळे सामान चौकीत जमा. तो धावत वखारीत आला. यंत्र सोडवण्याआधी बेळगावला सावध करावे असे त्याच्या मनात आले. हुकूम हातात असताना ठोके देणे हाच गुन्हा. तरी त्याने दिले. थोडक्यात उरकायचे होते. त्याने दोन शब्द पाठवले : बंदी आली.

बी, ए, एन, डी, आय. ए, एल, आय.

मास्तरांनी नियमाप्रमाणे परत वाचून दाखवले. माझ्यावरून तीच आठ अक्षरे गेली. निपाणीहून 'होय' आले. मग शांतता.

"ताई, बंडी पोचली," मास्तर म्हणाले.

ताईंनी वहीत लिहिले. पेन थांबले. "आठ वीसला? भरमा दहाच्या आत कधी निपाणीत शिरत नाही."

"बैल ताजे असतील."

मित्रांनो, मला त्या वेळी एक गोष्ट माहीत होती जी त्या दोघांना माहीत नव्हती. आण्णाप्पाचा शेवटचा ठोका रेंगाळला नव्हता. प्रत्येक अक्षर तोडल्यासारखे आले होते, धाप लागलेल्या माणसाच्या बोलण्यासारखे. मी पितळ आहे. मी दाबल्याशिवाय वाजत नाही.

ताईंनी शाई टिपली. पानावर त्यांच्याच हातचा ड होता.

भरमाची बंडी खरोखर आली ती अकरा वाजता. तोपर्यंत आण्णाप्पाने चौकीत यंत्र जमा केले होते आणि 'याशिवाय माझ्याजवळ काही सामान नाही' अशा कागदावर सही केली होती. फौजदार आणि पंच त्याच्याबरोबर वखार पाहायला आले, आणि दारात भरमा चार भरलेल्या बॅटऱ्या उतरवत होता.

हे भरमानेच नंतर सांगितले. "फौजदार इचारतोय, ह्यात काय हाय? म्हटलं, सायबा, ॲसिड हाय, हात लावू नगा. तर त्यो धा पावलं मागं पळाला. बाँब समजला वो! मला हसू आलं. आण्णाप्पा हसंना. तवा मला कळलं, काय तरी वंगाळ झालंय."

बॅटऱ्यांचा खुलासा कदाचित झालाही असता. पण त्या संध्याकाळी सहा वाजता मास्तरांनी ठरल्याप्रमाणे निपाणीला हाक दिली. उत्तर नाही. सोमवारी सहाला पुन्हा. बॅटऱ्या वाटेत सांडल्या असतील, असे ते म्हणाले. मंगळवारी पाऊण तास. माझ्याच डोक्यावर बोट ठेवून त्यांनी आण्णाप्पाच्या परवान्याची अक्षरे पुन्हा पुन्हा हवेत सोडली : कुठे आहेस, ऐकू येते का, उत्तर दे.

ऐकणारे सरकारचे लोक ऐकत होते. ज्या माणसाने सगळे जमा केल्याची सही दिली, त्याला तीन दिवस कोणीतरी बोलावत आहे. त्याच्या दारात नव्या बॅटऱ्याही उतरल्या आहेत. याचा त्यांनी एकच अर्थ लावला. आण्णाप्पाजवळ दुसरे, लपवलेले यंत्र आहे.

बुधवारी सकाळी शहापुरातून फिरत फिरत मास्तरांचा कागद आला, आणि त्याच्या मागोमाग पोलीस. मास्तरांनी स्वतः सगळे सोडवून दिले. ते शिक्षक, मामलेदारांनी नारळ दिलेले. त्यांना ताकीद मिळाली. आण्णाप्पाला कोठडी.

मास्तर त्याच आठवड्यात पोलिसांच्या मोठ्या साहेबांसमोर गेले. सोबत ताई होत्या, नोंदवही होती, आणि पुरावा म्हणून मी होतो, पोत्यात, गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी बांधलेला. म्हणून पुढचे मी ऐकले.

साहेबांना मराठी येत नव्हती. मधे दुभाषी होता. मास्तरांनी सांगितले, की मला बंदीचा निरोप मिळाला होता, मी तो बंडी असा वाचला. आण्णाप्पाचा काही दोष नाही. दोन वेगळे शब्द आहेत.

साहेबांनी कागद पुढे केला. "दोन्ही लिहून दाखवा. इंग्रजीत."

मास्तरांनी पेन्सिल काढली. पहिला शब्द लिहिला. दुसरा लिहिला. दुभाष्याने कागद पाहिला, साहेबांनी पाहिला.

"हा तर एकच शब्द दोनदा लिहिलाय," साहेब म्हणाले.

मास्तरांनी पेन्सिल पुन्हा खिशात ठेवली. मग ताई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्यात एक डी जास्त घालायचा असतो. तसा नियम आहे आमच्यात."

"कुठे लिहिलाय?"

ताईंनी वही उघडली. ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब. त्यांनी वही मिटली.

सात महिन्यांनी आण्णाप्पाला सोडले. आरोप शाबीत झाला नाही, ठेवलाही गेला नाही. वखारीत दुसरा कारकून लागला होता. बायको जयाबाईला घेऊन तो निपाणीतून गेला; कुठे ते सांगून गेला नाही. मास्तरांची तीन पत्रे परत आली. त्यांनी काय ऐकले, का बोलावत राहिले, हे आण्णाप्पाला कधी कळले की नाही, ठाऊक नाही. त्याच्या बाजूने पाहिले तर जे झाले ते सरळ आहे. त्याने जिवावर उदार होऊन बंदीचा निरोप दिला. मास्तरांनी तो परत वाचून दाखवला. आणि तरी तीन दिवस त्याचे नाव घेऊन ओरडत राहिले.

मी एका सरकारी गोदामात जवळजवळ आठ वर्षे पडून होतो. पोत्यात माझ्याबरोबर पाच खटके होते, कुठकुठल्या गावांचे. पहिल्या पावसात पोते भिजले. माझ्या पट्टीवर हिरवा थर चढला, स्प्रिंग आखडली, प्याद्याला चीर गेली. ज्याला कोणी दाबत नाही तो खटका म्हणजे फळीवर ठोकलेली पितळ, एवढेच.

१९४७ च्या उन्हाळ्यात परवाने पुन्हा मिळू लागले आणि मी टिळकवाडीत परत आलो. हरिभाऊ चार वर्षांपूर्वी गेले होते. मंडळाच्या पहिल्या सभेला दोघे आले. घरचे दोघे धरून चार. ताईंनी मला चिंच लावून घासले. मास्तरांचे केस पांढरे झालेले. त्यांनी माझ्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ दाबले नाही.

त्या सभेत ठराव पुन्हा मांडला गेला. ड ला दोन डी. चारही हात वर. एक मिनिटही लागले नाही.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी मास्तर निपाणीच्या दिशेने एकच ओळ पाठवतात : आण्णाप्पा, मी बंडी ऐकली. बी, ए, एन, डी, डी, आय. हा दुसरा डी कशाचा, हे सबंध जगात ओळखणारे आता पाच जण असतील. त्यातला एक आण्णाप्पा.

मित्रांनो, जुन्या वस्तूने मुलांना काही सांगावे अशी रीत आहे, म्हणून सांगतो. निरोप परत वाचून घ्या, हे हरिभाऊंचे बरोबर होते. ते अपुरे होते. समोरच्याला विचारा, की तुला काय समजले? आणि सभेत एकटाच हात वर असेल, तर हसण्याआधी तो कोणाचा आहे आणि का वर आहे ते पाहा. आमच्यासारख्या वस्तूंचे म्हणाल, तर आम्हांला कोरडे ठेवा, वर्षातून एकदा चिंचेने घासा. आम्ही चूक करत नाही. मात्र तुमची चूक आम्ही अगदी जशीच्या तशी पोचवतो.

मागच्या गुरुवारी भरमा येऊन गेला. थकला आहे, बंडी आता त्याचा भाचा हाकतो. चहा संपवून त्याने सांगितले, की निपाणीच्या अलीकडे तंबाखूच्या रानात एक घर पाहिले. छपरावर दोन बांबू, मधे तार.

मास्तर उभेच राहिले. "एरियलची तार?"

"तुमची का कापडं वाळत घालायची, मला काय कळतंय मास्तर? कापड एक बी नव्हतं. अंगणात बाई होती. जयाबाईसारखी वाटली. माझ्याकडं बघितलं आन् आत गेली."

"हाक मारायची होती, भरमा."

"कुठल्या तोंडानं मारू?" भरमा म्हणाला. "त्या दिशी बॅटऱ्या मीच उतरवल्या न्हवं?"

रविवार, १४ डिसेंबर १९४७. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी मास्तरांनी ओळ पाठवली, दोनदा. ताईंनी वेळ लिहिली आणि पुढची ओळ कोरी ठेवली. त्या दिवशी आठ वाजून एकतीस मिनिटांपर्यंत निपाणीच्या बाजूने काही ऐकू आले नव्हते. मास्तरांनी कानावरचे फोन अजून काढलेले नाहीत.